रोलर कोस्टरच्या जागी काय येणार

माझा नवरा नांदेडचा आणि माझा भाऊ लातूरचा. आमच्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं की भांडणाचं कारण विचारावं लागत नाही. पण आमच्या घरातलं भांडण सरकारी कार्यालय कुठं व्हावं, रेल्वे कुठून जावी, यावरून झालं नाही. ते झालं दोन्ही गावांच्या मधल्या माळावरच्या एका मनोरंजन पार्कातल्या जुन्या रोलर कोस्टरवरून. तो काढून त्याच्या जागी काय येणार, या प्रश्नापायी दोन शिकली-सवरलेली, लेकराबाळांची माणसं नागपंचमीपासून संक्रांतीपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. आणि मधे मी होते.

पार्क दोन्ही गावांना सारखाच गैरसोयीचा आहे. आधी तिथं खडी फोडायचा कारखाना होता. दगड संपल्यावर खड्डा उरला, खड्ड्यात पाणी साचलं, आणि मालकाला वाटलं, यात होड्या सोडाव्यात. होड्यांमागून झोपाळे आले, आकाशपाळणा आला, एक सिमेंटचा डायनासोर आला, ज्याला आसपासची माणसं घोरपड म्हणतात, आणि सगळ्यांत शेवटी रोलर कोस्टर आला. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या बंद पडलेल्या पार्कातून तो सुटा करून ट्रकांवर आणला होता. निळे पाइप, पुढच्या डब्याला ड्रॅगनचं तोंड. साखळी डबे खडखडत वर ओढायची. वर गेल्यावर क्षणभर सगळं थांबायचं, बोरी-बाभळींचा माळ आणि लांबवरून जाणारी एसटी दिसायची. मग गाडी खाली सुटायची, लिंबाच्या झाडाला वळसा घालायची आणि सिमेंटच्या एका बोगद्यातून बाहेर यायची. बऱ्याचदा शेवटच्या उंचवट्यावर तिचा दम संपायचा. मग तिथं उभे असलेले दोघं तिला ढकलायचे. ढकलताना ते आत बसलेल्यांच्या तोंडाकडं बघत नसत, एवढी सभ्यता होती.

लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनी नवऱ्यानं मला तिथं नेलं. तो एका सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. घरात त्याचा आवाज इतका कमी की सासूबाई त्याला दोनदा विचारून घ्यायच्या. त्या दिवशी गाडी खाली सुटली आणि हा माणूस असा ओरडला की मी माझी भीती विसरून त्याच्याकडंच बघत राहिले. खाली उतरल्यावर केस नीट करत तो म्हणाला, "परत बसू." आम्ही परत बसलो. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण माझं आवडणं घरी येईपर्यंत टिकलं. त्याचं टिकलं ते टिकलंच. लोक दर महिन्याला देवाला जातात, तसा हा कोस्टरला जायला लागला.

एकदा आमच्यासोबत माझा भाऊ आला आणि तोही अडकला. तो लातूरला खासगी शिकवणीत फिजिक्स शिकवतो. दुसऱ्यांच्या पोरांना डॉक्टर करण्यात त्याचा दिवस जातो. तो गाडीत ओरडायचा नाही, गाडी कुठल्या वळणावर किती जोरात जाते याचं गणित मोठ्यानं सांगायचा. मागच्या डब्यातली माणसं वैतागायची. नवऱ्याला मात्र त्याचं फार कौतुक. दाजी आणि मेहुणा यांच्यात एवढं प्रेम मी आमच्या नात्यात कुठं पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून मोबाइलवर कोस्टरप्रेमींचा ग्रुप काढला. नवरा त्याचा अ‍ॅडमिन. मेडिकलवाले, मास्तर, एक मुखेडकडचे माजी सरपंच, कॉलेजची पोरं असे भराभर लोक आले. माझाही नंबर त्यात टाकला होता. मला कोणी विचारलं नव्हतं.

असं सगळं सुखात चाललेलं असताना पावसाळ्याच्या तोंडावर पार्कवाल्यानं कोस्टरभोवती पत्रे ठोकले आणि त्यावर मोठा बोर्ड लावला : 'लवकरच येत आहे'. काय येत आहे, ते लिहिलेलं नव्हतं. खाली नुसती पांढरी जागा आणि कोपऱ्यात एक फोन नंबर.

त्या पांढऱ्या जागेनं माणसं बिघडवली. ग्रुपवर सकाळी दात घासायच्या आधी त्या बोर्डाचा फोटो यायचा. नवरा जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून बसायचा आणि पत्र्याच्या मागं काय काय मावेल त्याचा नकाशा काढायचा. त्याचं ठाम मत होतं, लूप येणार, म्हणजे गाडी गोल फिरून माणसाला उलटं करणारा कोस्टर. मराठवाड्यातला पहिला. पत्र्याच्या फटीतून कोणीतरी काढलेल्या अंधूक फोटोवर तो लाल गोल काढायचा आणि लिहायचा, 'हा वाकवलेला पाइप बघा.' मी बघितला. मला तो पाण्याच्या टाकीचा पाइप वाटला. मी बोलले नाही. घरात स्वयंपाक मलाच करायचा होता आणि टेबल मोकळं व्हायला हवं होतं.

भावाचं मत वेगळं होतं. त्याच्या हिशोबानं येणार होता वॉटर कोस्टर, वरून थेट पाण्यात शिरणारा.

पंचमीला मी माहेरी गेले. न्यायला-सोडायला नवरा होताच. आईनं पुरणाची दिंडं केली होती. दोघं शेजारी जेवायला बसले आणि भावानं सुरुवात केली.

"दाजी, लूपला उंची लागते. त्या पत्र्याच्या मागं तेवढी उंचीच न्हाई."

"खाली खोदून राहिले ते," नवरा म्हणाला. "खड्डा कामून खोदला मग?"

"पाण्यासाठी. मी सांगून राहिलो ना, वॉटर कोस्टर हाय."

"पाणी?" नवऱ्यानं दिंडाचा तुकडा तुपात बुडवला. "तुमच्या गावाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, आणि तुम्ही पाण्यावर गाड्या चालवायला निघाले."

नांदेडच्या माणसानं लातूरच्या माणसाला काहीही बोलावं, पण पाण्याचं बोलू नये. त्या उन्हाळ्यात भाऊ स्वतः घागरी घेऊन रांगेत उभा राहिला होता. तो ताटावरून उठला. हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आई माझ्याकडं बघायला लागली, जसं काही लूप मीच मागवला होता.

"काय म्हणले गं जावई?" तिनं मला स्वयंपाकघरात विचारलं.

"झोक्यावरून भांडले," मी म्हणाले. दुसरं कसं सांगणार?

त्या दिवसापासून बोलणं बंद. ग्रुपमध्ये लूपवाले आणि पाणीवाले असे दोन तट पडले, आणि बघता बघता ते नांदेडवाले आणि लातूरवाले झाले. दोघांनाही एकमेकांना जे सांगायचं असेल ते माझ्याकडं यायचं. भाऊ फोन करायचा, "अक्का, दाजीला म्हणावं, फिजिक्स नांदेडला बदलत नसतं." मी ते नवऱ्याला सांगायची. नवरा भाजी निवडत असला तर निवडता निवडता म्हणायचा, "त्याला म्हणावं, नकाशा वाचायला शीक आधी." उमरीच्या शाळेत मी दिवसभर पोरांना मराठी शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन यांचे निरोप पोचवायची. दोन्ही कामांत माझं कोणी नीट ऐकत नव्हतं.

पुरावे रोज येत होते. पार्कासमोर तीन पायांचं तिकाटणं लावून एक माणूस मोजमाप घेताना दिसला. ग्रुपनं त्याला परदेशी इंजिनिअर ठरवलं. तो रस्त्याच्या कामावरचा होता आणि त्याला चांगलं मराठी येत होतं, पण त्याच्याशी बोलायला कोणी गेलं नाही. मग ताडपत्री झाकलेला एक ट्रक आत गेला. त्याच्यावर दोन दिवस चर्चा झाली. आत कुणाच्या तरी लग्नाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या निघाल्या, तेव्हा माजी सरपंचांनी लिहिलं की लक्ष दुसरीकडं वळवायला मुद्दाम खुर्च्या आणल्या.

माझे सासरे अर्धापूरला असतात. केळीची बाग आहे. पार्काच्या कँटीनला त्यांच्याच बागेतली केळी जातात. एकदा माल द्यायला ते स्वतः टेम्पोत बसून जाणार आहेत असं कळलं, तर नवऱ्यानं त्यांना फोन केला.

"दादा, पत्र्याच्या मागं जाऊन जरा खड्डा बघून या."

"मी केळी उतरवू का खड्डा बघू?"

"केळी उतरवून बघा."

दादा बघून आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बघितला बाबा तुझा खड्डा. दोन म्हशी बसल्यात त्याच्यात."

नवऱ्यानं फोन ठेवला. मग त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'खात्रीलायक सूत्रांकडून : खोदकामात पाणी लागल्यामुळं काम तूर्त थांबलं आहे.' भावानं लगेच ते उचललं. पाणी लागलं म्हणजे पाण्याचाच कोस्टर, नांदेडवाल्यांनी स्वतःच कबूल केलं. लातूर तटात आनंदीआनंद झाला. म्हशींना काहीच माहीत नव्हतं.

दिवाळी अशीच गेली. भाऊबीजेला नवरा माझ्यासोबत आला नाही. मी एकटी एसटीनं गेले, भावाला ओवाळलं, आणि ओवाळून घेताना तो म्हणाला, "दाजीनं काही नवीन फोटो टाकला का गं, अक्का?" सणाचा दिवस म्हणून मी तबक आपटलं नाही, हळूच ठेवलं.

परत आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "एक काम करा ना. मालकाला विचारा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही वाईट बोलले. "मालकाला कसं विचारायचं?"

"तोंडानं."

"तसं न्हाई गं. सगळी मजा जाईल."

भावाला फोनवर हेच सुचवलं, तर तोही म्हणाला, "अक्का, असं विचारल्यावर काही मजा राहती का?" इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

शेवटी बोर्डावरचा नंबर फोटोतून उतरवून घेतला आणि शाळेच्या स्टाफरूममधून मीच फोन केला. मालकानंच उचलला. मी कोण, कशासाठी बोलते आहे, ते सांगितलं. तो खूश झाला. "या ना ताई, सगळ्यांना घेऊन या. मला बी भेटायचंच होतं त्यांना."

आता मालकच बोलावतो म्हटल्यावर कोणाला नाही म्हणता येईना. पुढच्या रविवारी दोन्ही गावांची माणसं पार्काच्या दारात जमली. नांदेडवाले आकाशपाळण्याच्या बाजूला, लातूरवाले घोरपडीच्या बाजूला. मालकानं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि भावाला, ऑफिसात बोलावलं. फोन मी केला होता म्हणून मीही आत गेले. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, जाडजूड पण चपळ माणूस. त्यानं चहा-चिवडा मागवला.

"मी तुमच्या ग्रुपातलं रोज वाचून राहिलो," तो म्हणाला. "मला कोणी ना कोणी पाठवतंच."

दोघं एकदम ताठ बसले. नवऱ्यानं विचारलं, "मग साहेब, काय येऊन राहिलं?"

"तेच तुम्हाला विचारायचं होतं," मालक म्हणाला. "मला कुठं माहीत हाय? एक खांब खिळखिळा झाला म्हणून खड्डा खणला, पत्रे ठोकले. जाहिरातवाला म्हणला, नुसता पत्रा बरा दिसत न्हाई, बोर्ड लावू. म्हणलं लाव. खाली काय लिहायचं ते नंतर बघू म्हणला."

मला वाटलं, संपलं. आता दोघं एकमेकांकडं बघतील, हसतील, आणि आपण घरी जाऊ. कसलं काय. नवऱ्यानं पिशवीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली आणि चिवड्याची ताटली बाजूला सारून टेबलावर पसरली. "म्हणजे अजून ठरलं न्हाई. मग हे बघा." भावानं खिशातलं पेन काढून त्याच नकाशाच्या कोपऱ्यात गणित मांडलं. दोघं एकमेकांशी न बोलता, फक्त मालकाशी, तासभर बोलत होते. एकाचा लूप, दुसऱ्याचं पाणी. मालक एकदा इकडं मान हलवायचा, एकदा तिकडं.

"दोन्ही बराबर वाटून राहिलं," शेवटी तो म्हणाला. "बघू, काहीतरी करू."

बाहेर आल्यावर नवऱ्यानं नांदेडवाल्यांना सांगितलं, लूप नक्की. भावानं लातूरवाल्यांना सांगितलं, पाणी नक्की. दोन्हीकडं टाळ्या झाल्या.

संक्रांत झाल्यावर पत्रे निघाले. उद्घाटनाला अख्खा ग्रुप हजर होता. मीही गेले, कारण इतके महिने ज्याच्यापायी घरात अबोला होता त्याचं तोंड एकदा बघावं असं वाटलं. रूळ हिरवेगार रंगवले होते. ड्रॅगनच्या जागी रॉकेटचं तोंड होतं. लिंबाच्या झाडाजवळ रुळांवर लोखंडाची एक मोठी गोल कमान उभी केली होती, तिला रंगीत दिवे. गाडी त्या कमानीतून जाणार होती. आणि बोगद्याच्या छताला फवारे लावले होते, ठिबकच्या दुकानात मिळतात तसले.

"लूप," नवरा कमानीकडं बघत हळूच म्हणाला.

पलीकडून भावाचा आवाज आला. "पाणी हाय, पाणी."

मी नवऱ्याशेजारी बसले, भाऊ आमच्या मागं. साखळी खडखडत वर निघाली. वर तेच बोरी-बाभळींचं रान. खाली सुटलो, कमानीतून गेलो, बोगद्यात अंगावर चार थेंब पडले आणि शेवटच्या उंचवट्यावर गाडी थांबली. दोघं जण आले आणि ढकलायला लागले. मी नवऱ्याकडं बघितलं. तो समोर बघत म्हणाला, "नवी हाय. ऑइल मुरायचंय अजून."

उतरल्यावर मी सरळ मालकाला गाठलं. तो कमानीखाली लोकांसोबत फोटो काढून घेत होता. बाजूला आला.

"ही तीच गाडी आहे ना?"

"रंग नवा, तोंड नवं, कमान नवी, पाणी नवं. जुनं काय राहिलं, ताई?"

"रूळ."

"रूळ कोण बघतं?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "तुमच्या माणसांनी सहा महिने नुसता पत्रा बघितला. पत्रा होता तवा माझी तिकिटं कोस्टरच्या दिवसांपेक्षा जास्त खपली. मी तर काढणारच नव्हतो पत्रा."

मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या दारात लोक पत्रा बघायला तिकीट काढून येतात, त्यानं तरी काय करावं. मी बाकावर येऊन बसले आणि ग्रुपवर लिहिलं : 'ही तीच गाडी आहे. रंग बदलला आहे.' इतक्या महिन्यांत मी त्या ग्रुपवर लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

मग एक-एक जण यायला लागला. 'वहिनी, तुम्हाला फरक जाणवला नसेल.' 'नव्या गाडीचा वेग स्पष्ट जास्त आहे.' 'मॅडम मराठी शिकवतात ना?' माजी सरपंचांनी लिहिलं की काही लोकांना आपल्या भागात काही चांगलं झालेलं बघवत नाही. आणि मग माझ्या सख्ख्या भावाचा मेसेज आला, थेट नवऱ्याला उद्देशून, पंचमीनंतर पहिल्यांदाच : 'दाजी, ग्रुपमधलं वातावरण बिघडून राहिलं. अ‍ॅडमिननं लक्ष द्यावं.'

नवरा माझ्याच बाकावर लिंबू सोडा पीत बसला होता. त्यानं फोन उचलला, अंगठ्यानं काहीतरी केलं आणि परत खिशात ठेवला. माझ्या फोनवर आलं, की मला ग्रुपमधून काढलं आहे.

"मला काढलं का?"

"थोडे दिवस," तो म्हणाला.

तेवढ्यात भाऊ आला. "दाजी," तो म्हणाला, "बोगद्यात जोर जास्त लागतो, बघितला का?" "बघितला की," नवरा सरकून त्याला जागा करत म्हणाला. "अन् कमानीतून जाताना पोटात कसं होतं?" त्या बाकावर तिघं मावत नव्हते. मी उठले.

घरी न परतता आम्ही भावासोबत लातूरला माहेरी गेलो. दोघं ओट्यावर खुर्च्या टाकून बसले आणि त्यांचं थांबेचना. आई आत भाकरी थापत होती.

"बोलून राहिले गं दोघं," ती म्हणाली. "नवा झोका लई चांगला निघाला काय?"

"जुनाच आहे, आई. रंगवलाय. मी तसं म्हणाले तर दोघं माझ्यावरच उलटले."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मग हे तू पंचमीलाच म्हणायचं न्हाई का? तवाच मिटलं असतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते चुलीच्या धुरानं आलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण घरात गॅस आहे. महिना-दीड महिना मी नवऱ्याशी कामापुरतंच बोलले. मी चिडले ते गाडीवरून नाही. सगळ्यांच्या देखत, शेजारी बसून, सोडा पिता पिता त्यानं मला काढून टाकलं, ते मला लागलं होतं. त्यानं मला परत ग्रुपमध्ये घेतलं, तेव्हा मी स्वतःच बाहेर पडले.

मग एके दिवशी संध्याकाळी मी उमरीहून आले तर तो स्टेशनवर मोटरसायकल घेऊन उभा होता. एरवी येत नाही. मी मागं बसले. पुलाजवळ गर्दीत गाडी हळू झाली तेव्हा तो त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "तीच हाय ती. मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"बसलो ना, तेव्हापासूनच."

"मग मला कामून काढलं?"

पुढं एक टेम्पो आडवा लागला होता, तो निघेपर्यंत त्यानं ब्रेक दाबून ठेवला. मग म्हणाला, "तुझा भाऊ बोलला ना माझ्याशी."

मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. त्या पाठीवर एक बुक्की घालावी असं वाटलं. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"हे ग्रुपवर लिहा मग," मी म्हणाले.

"ते न्हाई जमायचं," तो म्हणाला आणि गाडी पुढं घेतली.